बारा बोअरच्या जुन्या दुनळीत काडतूस कोणतं घालावं?

देवगड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलं आहे. वडिलांची बारा बोअरची दुनळी रीतसर वारसाने त्याच्या नावावर झाली, परवाना शेती संरक्षणाचा आहे. घरात वडिलांच्या वेळची नऊ कागदी काडतुसं निघाली. दुकानदाराने एलजीची, म्हणजे मोठ्या छऱ्यांच्या काडतुसांची, एक पेटी दिली. अमेरिकेत आयोवाला असलेला भाचा फोनवर सांगतो, "मामा, आम्ही इकडे हरणाला स्लगच मारतो, तूही तेच घे." स्लग म्हणजे छऱ्यांऐवजी एकच अखंड गोळी. शेतात रानडुकरं येतात, भेकरंही येतात. भेकराला कोणतं काडतूस, डुकराला कोणतं, आणि ती नऊ जुनी चालतील का, हे त्याला हवं आहे.

बंदूक दुरुस्तीच्या कामाला मी वडिलांच्या हाताखाली लागलो त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो, पण बहुतेक जण तो बंदूक बिघडल्यावर विचारतात. तुम्ही आधी विचारलात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

भेकराचं आधी मिटवतो. भेकराला कुठलंच काडतूस नाही. भेकर, सांबर, चितळ, चौशिंगा, पिसोरी या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. शेती संरक्षणाच्या परवान्याने तुम्हाला बंदूक बाळगायची मुभा मिळते, जनावर मारायची मिळत नाही. या दोन परवानग्या वेगळ्या आहेत, आणि आपल्याकडे निम्मे लोक इथेच फसतात. कायद्यात शिकारीचा अर्थही मोठा आहे. मारणं तर आलंच, पण फास लावणं, हाकारा घालणं, आमिष ठेवणं आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जनावर पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतलं, असेल तर कैद तीन वर्षांपासून सुरू होते आणि सातपर्यंत जाते. दोषी ठरलात तर बंदुकीचा परवाना रद्द करून पुढची पाच वर्षं नवा देऊ नये, असाही आदेश न्यायालय देऊ शकतं.

डुकराचंही तसंच. ते पीक खातं म्हणून आपोआप मारता येत नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल कलम ११ खाली वन विभाग लेखी आदेश देऊ शकतो. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज, नुकसानीचा पंचनामा आणि हातात कागद, एवढं लागतं. कागद येईपर्यंत काडतूस पेटीत राहू दे. कागद आल्यावर मारलेलं जनावर सरकारचं, तुमचं नाही, त्यामुळे पातेलं चुलीवर चढवायचा प्रश्न येत नाही. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना बार टाकावा लागला तर तो गुन्हा नाही, ही सोय त्याच कलमात आहे. पण मेलेलं जनावर तेव्हाही सरकारचंच.

आणि भेकराने तुमचं नुकसान किती केलं ते एकदा सकाळी चिखलात बघा. भेकर पडलेली फळं, कोवळे शेंडे, पाला खातं. पाऊल लहान, टोकदार, नाजूक. डुकराचा खूर जाड आणि टोकाला बोथट, मऊ चिखलात मागच्या दोन नख्यांचे ठसे खुराच्या बाहेर फाकलेले दिसतात. शिवाय जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असते. मी ज्यांच्या ज्यांच्या मळ्यात जाऊन बघितलं तिथे "भेकरांनी खाल्लं" म्हणून दाखवलेला भुईमूग डुकरांनीच उपटलेला निघाला.

आता भाच्याचं. तो चुकीचं सांगत नाही, पण तो आयोवाचं सांगतो आहे. तिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे. तिला हंगाम आहे, परवाना आहे, एका माणसाने किती हरणं मारायची याची मर्यादा आहे. ती जमीन सपाट, मक्याची शेतं, मध्ये मध्ये वस्ती. रायफलची गोळी चुकली तर फार लांब जाते, म्हणून अशा राज्यांनी पूर्वापार हरणासाठी शॉटगनमधून स्लग हा रस्ता धरला. मोठे छर्रे त्यांनी हरणाला चालू दिले नाहीत, कारण त्यांनी जनावर जखमी होऊन निसटतं. उलट अमेरिकेच्या दक्षिणेकडे दाट दलदलीत कुत्रे लावून हरणं उठवतात, तिथे वीस-पंचवीस पावलांवरून पळत्या हरणावर मोठे छर्रेच वापरतात. इंग्लंडात हरणाला शॉटगन साधारणपणे बंदच. पिकाचं रक्षण करणाऱ्या शेतकऱ्याला सूट आहे, तीही बारा बोअरपेक्षा लहान नसलेल्या बंदुकीची, आणि छर्रा ०.२०३ इंचापेक्षा, म्हणजे ट्रिपल ए नंबरच्या छऱ्यापेक्षा, बारीक असता कामा नये. एकाच हरणाला तीन ठिकाणी तीन उत्तरं आहेत, कारण रान वेगळं, अंतर वेगळं, मागची वस्ती वेगळी. आपलं रान यांतल्या एकासारखंही नाही.

म्हणून सुरुवात जनावरापासून करू नका, तुमच्या नळीपासून करा.

दुनळी मोडून दोन्ही नळ्या लाकडापासून वेगळ्या करा आणि खालची बाजू उजेडात धरा. तिथे सपाट भागावर छाप असतात. "१२", मग "७०" किंवा "६५" मिलिमीटर, नाहीतर इंचात "२ ३/४" किंवा "२ १/२". हा आकडा खोलीचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या लांबीचा. विलायती जुन्या बंदुका बऱ्याचशा अडीच इंची, म्हणजे ६५ च्या. आज दुकानात मिळणारी काडतुसं बहुतेक ७० ची.

यातली खोच अशी की ७० चं काडतूस ६५ च्या खोलीत अगदी सहज बसतं. बंदूक बंद होते, कुठे अडत नाही. कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर उलगडलेल्या कवचाची असते, भरलेलं काडतूस त्याहून आखूडच असतं. बार झाला की तोंडाची घडी पुढे उलगडते आणि आखूड खोलीत ती नळीच्या निमुळत्या भागात घुसते. त्याच क्षणी तिथून छर्रे आणि गुळी (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) जायचे असतात. वाट अरुंद झाली की दाब वाढतो. एका बाराने काही होत नाही, म्हणून माणसाला वाटतं चालतंय. बरेच बार झाल्यावर बिजागरी सैल होते, नळ्या मागच्या फळीपासून, म्हणजे काडतुसाचं बूड टेकतं त्या भागापासून, सुटतात, बंद दुनळी कानाशी हलवली की खुळखुळते. माझ्याकडे येणाऱ्या खुळखुळ्या दुनळ्यांत मी आधी खोली मोजतो. वापरलेलं कवच हाताशी असेल तर त्याचं तोंड बघा. कड कुरतडल्यासारखी, तंतू निघालेली, बारीक चिरलेली असेल तर तुमची खोली त्या काडतुसाला आखूड आहे. हे निदान घरच्या घरी, विळीवर नारळ खवता खवता करता येतं.

छाप झिजले असतील, कुणी घासून काढले असतील, तर अंदाज बांधू नका. जाणकाराकडून खोली मोजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

त्याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी बघा. एक, नळीच्या अंगावर गुंडाळलेल्या दोरीसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते का. ती डमास्कसची नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून वळून केलेली. दिसायला सुरेख असते, पण अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. त्यांत आजचं काडतूस घालू नका, नायट्रो, म्हणजे आजच्या बिनधुराच्या, दारूसाठी तपासल्याचा छाप असला तरी आधी दाखवून घ्या. दोन, जुन्या विलायती दुनळीच्या एका नळीवर कधी कधी "नॉट फॉर बॉल" असे शब्द कोरलेले सापडतात. तोंडाशी आवळलेल्या नळीत अखंड गोळी घालू नये अशी ती ताकीद आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशातली. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या तपासनिसाने स्लगबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नळीवर खोदून ठेवलेलं असतं, वाचायला फक्त नळी उलटी करावी लागते.

तोंडाच्या या आवळण्याला चोक म्हणतात. बारा बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातल्या एकाचा व्यास तेवढा, म्हणून बारा बोअर. पूर्ण चोकची नळी तोंडाशी सुमारे एक मिलिमीटरने आवळलेली असते, अर्ध्या चोकची त्याच्या निम्म्याने, आणि साध्या नळीला आवळणं नसतंच. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात पूर्ण चोक सत्तर टक्के छर्रे टाकतो, साधी नळी चाळीस. हा हिशेब बारीक छऱ्यांचा. मोठे छर्रे आवळलेल्या तोंडातून एकमेकांना दाबत, चेपत निघतात आणि वेडेवाकडे जातात, म्हणून एलजीला पूर्ण चोक बरेचदा बिघडवतो. दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते. कोणत्या नळीत काय घालायचं, याचा विचार इथून सुरू होतो.

आता छऱ्यांचे नंबर. आपल्याकडे इंग्रजी पद्धत चालते. एलजी म्हणजे औंसाला (अठ्ठावीस ग्रॅमला) सहा छर्रे, व्यास नऊ मिलिमीटरच्या जरा वर, एकेक छर्रा पावणेपाच ग्रॅमचा. एसजी औंसाला आठ, साडेआठ मिलिमीटरच्या आत, साडेतीन ग्रॅम. एसएसजी औंसाला पंधरा. ट्रिपल ए पस्तीस. बीबी सत्तर. चार नंबर एकशे सत्तर. भाच्याच्या अमेरिकेतला "डबल ऑट" म्हणजे आपला एसजी आणि "ट्रिपल ऑट" म्हणजे एलजी, जवळजवळ तंतोतंत. साध्या काडतुसात औंसाच्या किंचित वर शिसं भरतात, म्हणजे एलजीत सहा-सात छर्रे आणि एसजीत आठ-नऊ.

दुकानदाराने एलजी दिलं कारण सगळे तेच मागतात. मोठा छर्रा, मोठं जनावर, असा सरळ हिशेब. पण नऊ मिलिमीटरचे सहाच छर्रे पंचवीस मीटरवर किती पसरतात ते बघा. मोकळ्या नळीतून मोठे छर्रे दर यार्डाला अंदाजे एक इंच फाकतात. पंचवीस मीटरवर तो घेर सव्वादोन फुटांचा होतो. डुकराचं काळीज आणि फुप्फुस जिथे आहे तो भाग शाळेच्या वहीएवढा. सव्वादोन फुटांच्या घेरात सहा छर्रे आणि मध्ये एक वही. नशीब असेल तर वहीत दोन लागतात, नाहीतर एक पोटात, एक मागच्या पायात, आणि डुक्कर जाळीत. पोटात छर्रा घेऊन गेलेलं डुक्कर दोन-तीन दिवस कुठल्या तरी व्हाळात, ओढ्यात पडून मरतं, किंवा सकाळी काजू गोळा करायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. मला हे दोन्ही सारखेच वाईट वाटतात.

म्हणून लेखी आदेश हातात असेल आणि काम करायचंच असेल, तर माझं मत एसजी. वीस ते पंचवीस मीटर, त्यापुढे नाही. आठ-नऊ छर्रे असल्याने वहीत तीन पडायची शक्यता वाढते आणि प्रत्येक छऱ्यात आत जाण्याइतकं वजन असतं. एलजी तुमच्या नळीतून एसजीपेक्षा घट्ट जातंय असं कागदावर दिसलं तर एलजी घ्या, माझा हट्ट नाही. बीबी, चार नंबर डुकरावर टाकू नका. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट कातड्याची ढाल असते, बीबी तिच्यातच रुततो, जनावर मरत नाही आणि जखम चिघळते.

स्लगबद्दल. एक औंसाची, अठ्ठावीस ग्रॅमची एकच गोळी. जर्मनीत ब्रेनेकेने १८९८ मध्ये गुळी जोडलेली गोळी काढली, अमेरिकेत फोस्टरने १९३१ मध्ये मागून पोकळ. दोन्ही गुळगुळीत नळीतून उडतात आणि मऊ शिशाच्या असल्याने बऱ्याच चोकमधून दबून निघतात, पण जुन्या पूर्ण चोकच्या नळीला मी ती परीक्षा द्यायला लावणार नाही. सॅबो नावाची प्लॅस्टिकच्या कवचातली तिसरी जात तर आतून पीळ असलेल्या नळीसाठीच आहे, आपल्या दुनळीत ती निरुपयोगी. आणखी एक अडचण दुनळीचीच. दोन नळ्या एकमेकींना किंचित तिरप्या जोडलेल्या असतात आणि छऱ्यांचा घेर जुळावा असा तो कोन ठेवलेला असतो. एकच गोळी टाकली की उजवीची एकीकडे, डावीची दुसरीकडे जाते. नेम धरायला पुढे एक पितळी मणी तेवढा. भाच्याच्या बंदुकीला एकच नळी, वर रायफलसारखी दुर्बीण. त्याचं पन्नास-साठ मीटर म्हणजे तुमचं नव्हे.

आणि मुख्य कारण, आपला कातळ.

देवगडचा सडा तुम्ही रोज बघता. जांभ्याचा उघडा कातळ, वर वीतभर गवत. त्यावर तिरप्या कोनात आपटलेलं शिसं थांबत नाही, उसळतं, आणि कुठल्या दिशेने उसळेल ते कुणी सांगू शकत नाही. एसजीचा छर्रा मोकळ्या हवेत जास्तीत जास्त साडेसहाशे-पावणेसातशे मीटर जाऊ शकतो. छऱ्याचा इंचातला व्यास गुणिले बावीसशे केलं की कमाल पल्ला यार्डांत मिळतो, हा फ्रेंच अधिकारी जुर्नेचा आडाखा आजही सगळे वापरतात. स्लग एक किलोमीटरच्या पुढेही जातो. आपल्या वाड्या कशा विखुरलेल्या असतात, एका गडग्यापलीकडे एक घर, दोन कलमबागांपलीकडे दुसरं. एका गावात मी पडवीच्या पत्र्याला पडलेलं भोक बघितलं आहे. घरच्यांना वाटलं नारळाच्या झावळीने पडलं. वळचणीला शोधलं तर चपटा झालेला एक छर्रा मिळाला, एका बाजूला जांभ्याची लाल पूड चिकटलेली. बार झाला होता पलीकडच्या सड्यावर, मध्ये अख्खा व्हाळ. त्या पडवीत दिवसा एक म्हातारी सुपारी सोलत बसायची.

म्हणून बार नेहमी वरून खाली, मऊ मातीत जाईल असा. माळ्यावर बसून, मागे भाताचा चिखल किंवा मातीची दरड. आडव्या रेषेत, क्षितिजाकडे, कातळाकडे कधीच नाही. तशी जागा तुमच्या मळ्यात नसेल तर तुमच्या मळ्यासाठी कुठलंच काडतूस योग्य नाही. तिथे कुंपण, राखण, फटाके आणि नुकसानभरपाईचा अर्ज हेच करायचं.

रात्रीचं एक सांगतो, हे कमी लोकांना माहीत आहे. बत्ती मारल्यावर हरणाचे, गुराचे, कुत्र्याचे, उदमांजराचे, बिबट्याचे डोळे लखकन चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो. डुकराच्या डोळ्यात तो पडदा नाही. शेतात डोळे चमकले तर समोर डुक्कर नाही, असंच धरायचं आणि बोट चापापासून लांब न्यायचं. भेकर असेल, शेजाऱ्याचा पाडा असेल. आणि माणसाचे डोळेही तसे चमकत नाहीत. काळोखात वाकून बसलेला माणूस आणि चरणारं डुक्कर यांत बत्तीच्या कडेच्या उजेडात फरक दिसत नाही. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत डुक्कर समजून माणूस गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या आहेत. संपूर्ण जनावर, डोकं-पाठ-पाय, ओळखू आल्याशिवाय बार नाही.

कागदावरची परीक्षा कशी करायची ते लिहितो, कारण एवढं करून बघणारा मला वर्षात एखादाच भेटतो. जागा परवान्याच्या अटीत बसणारी हवी, शक्यतो रेंज, आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा. बांबूच्या चौकटीवर वर्तमानपत्राची चार पानं खळीने चिकटवा, मध्ये काळ्या शाईने वहीएवढा चौकोन काढा. मागे मातीची उंच दरड. पंधरा मीटरवरून एक बार, मग नवा कागद लावून वीसवरून, मग पंचवीसवरून. प्रत्येक कागदावर नळी, काडतूस आणि अंतर लिहा. मग भोकं मोजा, चौकोनातली वेगळी, बाहेरची वेगळी. ज्या अंतरावर चौकोनात तीनपेक्षा कमी पडायला लागतात ते तुमच्या नळीचं शेवटचं अंतर. मागे माझ्याकडे दोन सख्ख्या भावांच्या एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षीच्या दुनळ्या आल्या होत्या. एकीने पंचवीस मीटरवर एसजी चौकोनात गोळा केले, दुसरीने वीसवरच चौकोनाभोवती रांगोळी काढली. काडतूस एकाच पेटीतलं. त्यामुळे "कुठलं काडतूस चांगलं" याला दुकानदार उत्तर देऊ शकत नाही, मीही नाही. तुमच्या नळीने कागदावर दिलेलंच उत्तर खरं.

काडतुसं देशी घेतलीत तरी बिघडत नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची "शक्तिमान" आपल्याकडे दोन पिढ्या वापरतात. पेटीवर आणि प्रत्येक काडतुसावर लांबी आणि नंबर वाचूनच पैसे द्या. किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं, दुकानदाराची नोंद आणि तुमची नोंद जुळली पाहिजे. घरात किंवा शेजारी वीस बोअर असेल तर तिची काडतुसं तुमच्या पेटीत चुकूनही येऊ देऊ नका. वीसचं काडतूस बाराच्या खोलीतून पुढे घसरतं आणि नळीत अडकून बसतं. वरून खोली रिकामी दिसते, माणूस बारा बोअरचं घालतो, आणि नळी डाव्या हाताच्या वर फुटते.

आता तुमची नऊ काडतुसं. वापरायची नाहीत. कागदी कवच आपल्या चार महिन्यांच्या पावसात ओल पितं आणि फुगतं. मग ते खोलीत अर्धं जातं, अर्धं बाहेर राहतं, आणि लोक ते अंगठ्याने, प्रसंगी कोयत्याच्या मुठीने आत ढकलतात. हे वाचणाऱ्या कुणी असं केलं असेल तर हात जोडून सांगतो, पुन्हा करू नका. बुडाच्या पितळेवर हिरवी बुरशी धरलेली असेल, मधली टिकली काळी पडली असेल, तर आतली दारूही तशीच झालेली असते. चुलीवरच्या फळीवर ठेवून किंवा उन्हात पसरून काडतूस "सुकवतात", तेही चुकीचं. ओल गेल्यासारखी वाटते, पण बिघडलेली दारू परत चांगली होत नाही.

अशा काडतुसाचा बार होतो कसा ते माहीत असू दे. कधी चाप ओढला तरी नुसती टिच होते. तेव्हा बंदूक उघडायची घाई करू नका. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट, मी तर पूर्ण एक मिनिट मोजतो, मगच उघडा. उशिरा पेटलेला बार उघड्या बंदुकीत तोंडावर येतो. कधी "फुस्स" असा दबका आवाज येतो, छर्रे समोर दहा पावलांवर पडतात. हा फुसका बार जास्त घातक, कारण गुळी नळीत अडकलेली असते. बंदूक उघडा, दोन्ही काडतुसं काढा, मागून नळीतून आभाळ बघा. पूर्ण गोल दिसला नाही तर पुढचा बार टाकायचा नाही.

नळीतून आभाळ बघायची सवय पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बंदूक काढताना तर हवीच. भातकापणीच्या दिवसांत एकजण माझ्याकडे फुटलेली एकनळी घेऊन आला होता. पुढची वीतभर नळी केळीच्या पानासारखी चिरून मागे वळली होती. बंदूक तीन महिने कोपऱ्यात उभी होती, तोंडाला बोळा नव्हता. कुंभारणीने, त्या मातीची घरं करणाऱ्या माशीने, नळीत दोन बोटं आत घर बांधलं होतं. त्याने बघितलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं गेली. फुटलेल्या लोखंडाला आतून चिकटलेली माती मी सुईने काढली, तिच्यात माशीने अळीसाठी आणून ठेवलेले कोळी होते, वाळलेले, रांगेत. काडतूस त्याचं अगदी नवं आणि बरोबर होतं.

नवी काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, आत ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. डब्यावर खरेदीचा महिना आणि साल लिहा. नऊ जुनी काडतुसं विहिरीत, खाडीत टाकू नका, जाळू नका, लग्नात आवाजाला म्हणून कुणाला देऊ नका. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात नेऊन जमा करा आणि परवान्यावर तशी नोंद करून पोच घ्या. निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करायला जाल तेव्हा एका फेरीत दोन्ही कामं होतील.

एलजीची पेटी अजून फोडली नसेल तर दुकानदाराकडे परत करा, निदान खोली मोजून होईपर्यंत उघडू नका. नळीखालच्या छापांचा स्पष्ट फोटो उजेडात, तिरप्या कोनातून काढून पाठवा, खडूची पूड चोळून पुसली की अक्षरं उठतात. त्यावरून ६५ की ७० हे मला बहुतेक सांगता येईल. छाप वाचता आले नाहीत तर बंदूक घेऊन या. आणताना नळ्या वेगळ्या, पिशवीत गुंडाळलेल्या, काडतूस एकही नाही, आणि परवान्याची मूळ प्रत खिशात.